गॉर्ड डाउनी आणि ‘द ट्रॅजिकली हिप’ : एका कॅनेडियन गायकाची कारकीर्द

मुक्तछंद

नील यंग, ब्रायन ॲडम्स किंवा अलानिस मॉरिसेट यांची ओळख आपल्याकडच्या रॉक संगीताच्या श्रोत्यांना करून द्यावी लागत नाही. मात्र ज्या गायकाच्या अखेरच्या मैफलीसाठी कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, म्हणजे सीबीसीने, रिओ ऑलिंपिकचे प्रक्षेपण बाजूला ठेवले, तो गॉर्ड डाउनी कॅनडाच्या सीमेबाहेर जवळजवळ अनोळखीच राहिला. त्याच्याविषयी जे थोडेफार लिहिले जाते, त्यात एक ठरलेला क्रम असतो: आधी एक लोकप्रिय रॉक गायक, मग 2016 मध्ये जाहीर झालेला मेंदूचा कर्करोग, मग निरोपाचा दौरा आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षात कॅनडातील मूलनिवासी मुलांवर झालेल्या अन्यायाला वाहून घेणे. मृत्यू समोर उभा राहिल्यावर माणसाची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, असे त्यातून सुचवले जाते. मला हा क्रम मान्य नाही. पहिल्या काही ध्वनिमुद्रिकांपासूनच डाउनी हरवलेल्या, विसरल्या गेलेल्या आणि चुकीच्या बाजूला ढकलल्या गेलेल्या माणसांविषयी गात होता, आणि त्याचे अखेरचे काम हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठीच हा धागा काढला आहे.

गॉर्डन डाउनीचा जन्म 6 फेब्रुवारी 1964 रोजी ऑन्टारिओ प्रांतातल्या ॲम्हर्स्टव्ह्यू या गावी झाला. जवळचे शहर किंग्स्टन. ऑन्टारिओ सरोवराच्या काठी वसलेले, चुनखडीच्या जुन्या इमारतींचे, क्वीन्स विद्यापीठाचे आणि आसपासच्या तुरुंगांचे हे शहर आहे. तुरुंगांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ते लवकरच त्याच्या गाण्यात येणार होते. किंग्स्टनमध्येच 1984 साली रॉब बेकर, गॉर्ड सिंक्लेअर आणि जॉनी फे यांच्यासोबत त्याने ‘द ट्रॅजिकली हिप’ हा बँड सुरू केला, आणि 1986 मध्ये पॉल लँगल्वा त्यात आला. त्यानंतर तीस वर्षे हे पाच जण बदलले नाहीत. गीतांचे शब्द प्रामुख्याने डाउनीचे असले, तरी गाण्याचे श्रेय ते पाचही जणांच्या नावावर देत असत. रॉक बँडच्या इतिहासात भांडणे आणि फाटाफूट इतक्या वेळा येते की, ही स्थिरता मला या कारकिर्दीचा पाया वाटते. पाठीमागे न हलणारे चार जण उभे होते म्हणूनच डाउनीला रंगमंचावर वाटेल तिकडे भरकटता आले.

1989 मधली ‘अप टू हिअर’ ही त्यांची पहिली पूर्ण लांबीची ध्वनिमुद्रिका. ती अमेरिकेत मेम्फिस येथे ध्वनिमुद्रित झाली, आणि कॅनडात तिला पुढे दहा लाख प्रतींसाठी दिला जाणारा ‘डायमंड’ हा दर्जा मिळाला. तिच्यातले ‘38 इयर्स ओल्ड’ हे गाणे 1972 मध्ये किंग्स्टनजवळच्या मिलहेवन तुरुंगातून झालेल्या पलायनाच्या पार्श्वभूमीवर आहे. डाउनीने त्यात पळालेल्या कैद्याच्या धाकट्या भावाचा आवाज घेतला. तो भाऊ पूर्णपणे कल्पित आहे. परंतु गाणे अशा घरगुती जिव्हाळ्याने गायले आहे की, ऐकणाऱ्याला ही गोष्ट गायकाच्याच कुटुंबातली वाटते. बातमीतला माणूस उचलायचा आणि त्याला कोणाचा तरी भाऊ किंवा मुलगा करून परत आणायचा, ही त्याची रीत इथे प्रथम दिसते.

1992 मधल्या ‘फुली कम्प्लीटली’मध्ये ती रीत पक्की झाली. ‘फिफ्टी मिशन कॅप’ हे गाणे बिल बॅरिल्को या आइस हॉकीपटूविषयी आहे. टोरंटो मेपल लीफ्सच्या या बचावपटूने 21 एप्रिल 1951 रोजी मॉन्ट्रियलविरुद्ध जादा वेळेत गोल करून संघाला स्टॅन्ली चषक मिळवून दिला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मासेमारीसाठी लहान विमानातून गेलेला हा तरुण परतलाच नाही. त्याचे अवशेष सापडले 1962 मध्ये, आणि मधल्या अकरा वर्षांत लीफ्सना एकदाही तो चषक जिंकता आला नव्हता. जिंकला तो त्याच वर्षीच्या वसंतात. एखाद्याने या योगायोगाची भव्य दंतकथा केली असती. डाउनीने मात्र ती हॉकीपटूंची चित्रे असलेल्या संग्राह्य कार्डावरील मजकुरासारखी, मोजक्या कोरड्या शब्दांत सांगितली, आणि तिच्याभोवती गिटारचा गडगडाट उभा केला. या गाण्याआधी बॅरिल्कोचे नाव जुन्या क्रीडाप्रेमींपुरते उरले होते, ते त्यानंतर शाळकरी मुलांच्याही तोंडी आले.

त्याच ध्वनिमुद्रिकेतले ‘व्हीट किंग्ज’ मला त्याहून थोर वाटते. सुरुवातीला लून नावाच्या जलपक्ष्याची साद ऐकू येते, मग संथ गिटार, आणि मग डेव्हिड मिलगार्ड. 1969 मध्ये सॅस्कटून शहरात गेल मिलर या तरुणीचा खून झाला. त्या प्रकरणात मिलगार्डला 1970 मध्ये जन्मठेप झाली आणि न केलेल्या गुन्ह्यासाठी त्याने बावीसहून अधिक वर्षे तुरुंगात काढली. गाण्यात त्याचे नाव येत नाही. येतात ती गव्हाची शेते, भिंतीवरची पंतप्रधानांची चित्रे आणि एवढ्या वर्षांनंतरही कोणाला कशाचे फारसे काही न वाटणारा एक सभ्य समाज. डाउनी कोणावरही ओरडत नाही, आणि म्हणूनच त्या सभ्यतेची लाज ऐकणाऱ्याच्या अंगाला चिकटून राहते.

पुढच्या ध्वनिमुद्रिकांविषयी थोडक्यातच लिहितो. ‘डे फॉर नाइट’ (1994) ही अधिक अंधारी आणि अवघड, ‘ट्रबल ॲट द हेनहाउस’ (1996) मध्ये ‘अहेड बाय अ सेंच्युरी’ हे त्यांचे सर्वांत लाडके गाणे आले, आणि ‘फँटम पॉवर’ (1998) मध्ये ‘बॉबकेजन’. हे गाणे वरवर पाहता एका छोट्या तलावकाठच्या गावातल्या प्रेयसीविषयी आहे. परंतु मध्येच टोरंटोच्या रस्त्यावरची दंगल आणि वंशद्वेषाची चाहूल येते. अनेक श्रोते त्याचा संबंध 1933 मध्ये ख्रिस्टी पिट्स मैदानावर ज्यू तरुणांना नाझी स्वस्तिक दाखवून डिवचल्यावर उसळलेल्या दंगलीशी जोडतात. 2001 पासून डाउनीने ‘कोक मशीन ग्लो’पासून सुरुवात करून स्वतंत्र ध्वनिमुद्रिकाही काढल्या, आणि त्याच नावाचा कवितासंग्रह प्रसिद्ध केला.

आता माझ्या मुद्द्याचा मुख्य आधार. ‘सीक्रेट पाथ’ ही दहा गाण्यांची ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर 2016 मध्ये, म्हणजे आजार जाहीर झाल्यानंतर, प्रसिद्ध झाली हे खरे. परंतु तिच्या मूळ कविता आणि ध्वनिमुद्रण 2013 मधले आहे. डाउनीच्या आजाराचे निदान झाले डिसेंबर 2015 मध्ये. याचा अर्थ, चेनी वेनजॅक या मुलाची गोष्ट त्याने स्वतःच्या मरणाची कल्पनाही नसताना, धडधाकट असताना लिहिली होती.

चेनी वेनजॅक हा मार्टन फॉल्स या फर्स्ट नेशनमधला, म्हणजे मूलनिवासी समुदायातला, ओगोकी पोस्ट गावचा बारा वर्षांचा ओजिब्वे मुलगा. केनोराजवळच्या सेसिलिया जेफ्री निवासी शाळेत त्याला ठेवले होते. मूलनिवासी मुलांना घरापासून आणि मातृभाषेपासून तोडण्यासाठीच ही शाळांची व्यवस्था उभारलेली होती. 16 ऑक्टोबर 1966 रोजी तो शाळेतून पळाला आणि काही दिवसांनी अंगात एक पातळ जाकीट, जवळ थोड्या आगकाड्या, एवढ्यावर रेल्वेच्या रुळांच्या कडेने एकटाच घराकडे चालू लागला. घर जवळजवळ 600 किलोमीटर दूर होते. 23 ऑक्टोबरला तो रुळांशेजारी मृतावस्थेत सापडला. थंडी आणि भूक यांनी त्याचा जीव घेतला होता. पुढच्या वर्षी पत्रकार इयन ॲडम्स यांनी ‘मॅक्लिन्स’ मासिकात त्याच्यावर लेख लिहिला. डाउनीला ही गोष्ट त्याचा भाऊ माइक याच्याकडून कळली. मिलहेवनच्या कल्पित भावापासून मिलगार्डपर्यंत आणि बॅरिल्कोपासून चेनीपर्यंत एकच गायक ऐकू येतो. इतरांना हे पटते का, हे वाचायला आवडेल.

गोदाकाठ

लेख अतिशय आवडला. मी त्यांची दोन-तीनच गाणी ऐकली आहेत, त्यामुळे मताऐवजी एक शंका विचारतो. स्वतःच्या देशात एवढे स्थान मिळवलेला बँड शेजारच्या अमेरिकेत यशस्वी का झाला नाही? भाषा तीच, वाद्ये तीच, आणि 1990 चे दशक तर पर्यायी रॉकचेच होते. गाण्यांतले संदर्भ फार स्थानिक होते, एवढेच कारण पुरेसे वाटत नाही.

ब्रॅम्प्टनकर

गोदाकाठ, मी बरीच वर्षे ऑन्टारिओत राहत आहे, म्हणून उत्तराचा प्रयत्न करतो.

प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. 25 मार्च 1995 रोजी त्यांना ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन कार्यक्रमात स्थान मिळाले. ओटावात जन्मलेले अभिनेते डॅन अॅक्रॉइड यांनी स्वतः येऊन त्यांची ओळख करून दिली. अशा वेळी एखादे सोपे, लगेच तोंडात बसणारे गाणे निवडले जाते; यांनी ‘ग्रेस, टू’ आणि ‘नॉटिकल डिझास्टर’ ही दोन गाणी गायली, ज्यांतल्या दुसऱ्याला रूढ अर्थाने ध्रुवपदच नाही. तो निर्णय व्यापाराच्या दृष्टीने चुकीचा असेल, परंतु मला त्यात त्यांचा स्वभाव दिसतो.

दुसरी बाजू कॅनडाच्या धोरणाची आहे. 1971 पासून इथल्या रेडिओ केंद्रांवर ठराविक प्रमाणात कॅनेडियन संगीत वाजवण्याचे बंधन आले. सुरुवातीला 30 टक्के, आणि 1999 पासून 35 टक्के. त्यावर टीका खूप झाली, सुमार गाणी नियमाच्या आधाराने वाजतात असे म्हटले गेले, आणि त्यात तथ्यही होते. परंतु त्या नियमामुळेच छोट्या शहरातल्या बँडला अमेरिकन कंपनीच्या पसंतीची वाट न पाहता देशभर पोहोचता आले. 1984 मध्ये ‘मचम्युझिक’ ही वाहिनी सुरू झाली तीही याच काळात. हिपला अमेरिकेत यश मिळवणे ही जगण्याची गरज उरली नव्हती. डेट्रॉइट, बफेलो अशा सीमेवरच्या अमेरिकन शहरांत मात्र त्यांच्या मैफलींना चांगली गर्दी होत असे. 1999 मध्ये टोरंटोत एअर कॅनडा सेंटर उघडले, तेव्हा तिथली पहिली मैफल याच बँडची होती. ज्यांना हे घरी मिळते, त्यांच्या कारकिर्दीत अमेरिका हा रकाना रिकामा राहिला असे मला म्हणवत नाही.

मुक्तछंद

ब्रॅम्प्टनकर, विस्तृत उत्तराबद्दल मनापासून आभार. फक्त एक भर घालतो. डाउनीला ‘कॅनडाचा राष्ट्रकवी’ म्हणण्याची प्रथा तिथल्या वृत्तपत्रांत पडली आहे, आणि ती मला थोडी अडचणीची वाटते. ‘व्हीट किंग्ज’ किंवा ‘सीक्रेट पाथ’ ही देशाची स्तुतिगीते नाहीत. देशाने ज्याकडे पाठ फिरवली, ते दाखवणारी ती गाणी आहेत. त्याच्या मैफलीत मेपलच्या पानाचे झेंडे फडकत असताना तो हीच गाणी गात होता, हे विसरले जाते.

न्यायविचार

मी वकिली करते, त्यामुळे मिलगार्ड प्रकरणाकडे माझे लक्ष अधिक गेले. मूळ लेखात त्याविषयी थोडक्यात आले आहे. कालक्रम नीट मांडला, तर त्या गाण्याचे धैर्य अधिक स्पष्ट होईल, असे वाटते.

अटक झाली तेव्हा मिलगार्ड जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याची आई जॉइस मिलगार्ड हिने दोन दशके हे प्रकरण जिवंत ठेवले. पत्रकारांकडे, वकिलांकडे, मंत्र्यांकडे खेटे घातले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेरविचारानंतर एप्रिल 1992 मध्ये तो सुटला. पण ती सुटका म्हणजे निर्दोषत्वाची घोषणा नव्हती. सरकारने नवा खटला चालवला नाही एवढेच. संशय कायम होता, आणि तो सुटला असला तरी खुनी तोच, असे म्हणणारे अधिकारी आणि नागरिक होते. ‘फुली कम्प्लीटली’ बाजारात आली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. डीएनए तपासणीने त्याचे निर्दोषत्व सिद्ध झाले 1997 मध्ये, आणि खरा गुन्हेगार लॅरी फिशर दोषी ठरला 1999 मध्ये. म्हणजे निर्णय लागल्यानंतर सुरक्षित बाजूला उभे राहून हे गाणे लिहिलेले नाही. पाच वर्षे ते गाणे कायद्याच्या पुढे होते, आणि त्या पाच वर्षांत ते शेकोटीभोवती, गाडीत, विद्यार्थ्यांच्या खोल्यांत गायले जात होते.

न्यायालयीन चुकीविषयी बोलताना आपण नेहमी पुरावा, साक्ष आणि तपास यांविषयी बोलतो. त्या चुकीसोबत वर्षानुवर्षे निवांत जगणाऱ्या समाजाविषयी फार कमी बोलले जाते. डाउनीने तो समाज गाण्याच्या केंद्रस्थानी ठेवला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. मिलगार्डने पुढे अन्यायाने शिक्षा झालेल्या इतरांसाठी काम केले. 2022 मध्ये त्याचे निधन झाले.

रेडिओवेडी

इथे शब्दांविषयी बरेच लिहिले गेले आहे, परंतु डाउनी रंगमंचावर काय करत असे, याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते.

‘न्यू ऑर्लीन्स इज सिंकिंग’ हे गाणे वाजत असताना मध्येच बँड एकाच चालीवर फिरत राहायचा आणि डाउनी त्यावर एखादी गोष्ट सांगू लागायचा. ती गोष्ट आधी ठरलेली नसे. 1991 मधल्या लॉस एंजेलिसच्या रॉक्सी या सभागृहातल्या ध्वनिमुद्रणात तो मत्स्यालयातल्या ऑर्का देवमाशाची टाकी स्वच्छ करणाऱ्या कामगाराची गोष्ट सांगतो. ती इतक्या गंभीरपणे सांगतो की, ऐकताना आपण पाण्याखाली गेल्यासारखे वाटते. ‘नॉटिकल डिझास्टर’चे शब्द अशाच एका उत्स्फूर्त निवेदनातून पुढे आले. कीर्तनात बुवा मूळ अभंग सोडून आख्यानात शिरतात आणि योग्य क्षणी पुन्हा अभंगावर येतात, त्याच्याशी याचे नाते मला जवळचे वाटते. टाळकऱ्यांच्या जागी रॉब बेकर आणि इतर तिघे ठेका धरून उभे असत.

20 ऑगस्ट 2016 ची किंग्स्टनमधली अखेरची मैफल मी एका उद्यानात लावलेल्या मोठ्या पडद्यावर पाहिली. त्या दौऱ्यात 22 जुलैपासून एकूण 15 मैफली झाल्या. मेंदूवरची शस्त्रक्रिया, किरणोत्सर्ग आणि केमोथेरपी झालेली होती. स्वतःच लिहिलेले शब्द आठवत नसल्यामुळे समोर ते दाखवणारे पडदे लावलेले होते. तो चमकत्या धातुरंगी पोशाखात आणि पिसे लावलेल्या टोपीत आला. ‘ग्रेस, टू’च्या शेवटी तो ओरडला आणि रडला, आणि आमच्या आसपास शेकडो लोक उभे असूनही कोणी काही बोलले नाही. सीबीसीने ती मैफल जाहिरातींशिवाय दाखवली, आणि 1 कोटी 17 लाख लोकांनी ती पाहिली. म्हणजे देशातल्या दर तिघांपैकी जवळजवळ एकाने. पंतप्रधान जस्टिन ट्रुडो सभागृहात होते. डाउनीने गाण्यांच्या मध्ये थेट त्यांना उद्देशून उत्तरेकडच्या मूलनिवासी लोकांविषयी बोलायला सुरुवात केली, आणि तिथे काय चालते त्याकडे दुर्लक्ष करायला आपल्याला आयुष्यभर शिकवले गेले आहे, अशा आशयाचे सांगितले. निरोपाच्या रात्री त्याने स्वतःविषयी बोलणे टाळले आणि ती वेळ दुसऱ्यांसाठी वापरली.

चौकस

सर्वांचे प्रतिसाद मन लावून वाचले, आणि डाउनीविषयीचा आदर मलाही वाटतो. तरीही एक प्रश्न टाळता येणार नाही. चेनी वेनजॅकची गोष्ट पन्नास वर्षे त्याच्या बहिणींनी, त्याच्या समाजाने उराशी धरली होती. निवासी शाळांमध्ये दीड लाखांहून अधिक मुले पाठवली गेली, आणि सत्य व सलोखा आयोगाने 2015 मध्ये आपले काम पूर्ण करून 94 शिफारशी मांडल्या. एवढे सगळे समोर असताना एका गोऱ्या, लोकप्रिय, आणि तेही मृत्यूच्या दारात असलेल्या गायकाने सांगितल्यावरच देशाने ऐकले. यात डाउनीचा दोष कितपत, हा वेगळा विषय आहे. परंतु त्याचा गौरव करताना आपण ऐकणाऱ्यांचा बहिरेपणा झाकत तर नाही ना? कॅनडातल्या काही मूलनिवासी लेखकांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता.

मुक्तछंद

चौकस, आपला प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बळ देणारी एक माहिती मीच देतो. चेनीवरचे पहिले महत्त्वाचे गाणे डाउनीचे नव्हे. मॉन्ट्रियलचे गायक विली डन, जे मिकमॉक या मूलनिवासी वंशाचे होते, त्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘चार्ली’ हे गाणे लिहिले होते. ‘मॅक्लिन्स’च्या लेखात चेनीचे नाव चार्ली असे छापले गेले होते, तेच गाण्यात आले. एक साधी गिटार आणि रुळांवरून चालणारा मुलगा, एवढेच त्यात आहे. ते गाणे उत्कृष्ट आहे, आणि ते डाउनीच्या गाण्यांइतके पोहोचले नाही. तेव्हा बहिरेपणाचा आपला शब्द मला पूर्ण मान्य आहे.

परंतु डाउनीने या गोष्टीचा वापर कसा केला, हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर 2016 मध्ये तो ओगोकी पोस्टला जाऊन चेनीच्या बहिणींना आणि कुटुंबाला भेटला. जेफ लेमायर यांनी काढलेले ‘सीक्रेट पाथ’चे चित्रपुस्तक आणि त्यावरचा सचेतपट प्रसिद्ध झाला, सीबीसीवर तो 23 ऑक्टोबरला, चेनी सापडल्याला बरोबर पन्नास वर्षे होत असताना दाखवला गेला, आणि दोन्ही कुटुंबांच्या नावाने गॉर्ड डाउनी आणि चेनी वेनजॅक निधी उभा राहिला. त्या डिसेंबरात असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्सच्या सभेत त्याच्या खांद्यावर ताऱ्याची नक्षी असलेली घोंगडी पांघरली गेली आणि त्याला ‘ताऱ्यांमधून चालणारा’ अशा अर्थाचे लकोटा नाव देण्यात आले. तो मान त्याने मागितला नव्हता. ज्यांची गोष्ट होती त्यांच्या प्रतिनिधींनी तो दिला. याने आपल्या आक्षेपाचे संपूर्ण निरसन होते असे मी म्हणत नाही, पण गायकाचे मोजमाप करताना त्या लोकांचे मत माझ्या मताहून वजनदार धरावे लागेल.

ब्रॅम्प्टनकर

चौकस यांच्या प्रश्नाच्या संदर्भात एक प्रत्यक्ष अनुभव नोंदवतो. माझी मुलगी इथल्या सार्वजनिक शाळेत शिकते, आणि तिच्या शाळेने त्या निधीच्या शालेय उपक्रमात भाग घेतला आहे. दरवर्षी 17 ते 22 ऑक्टोबर हा ‘सीक्रेट पाथ’ सप्ताह पाळला जातो; 17 ऑक्टोबर ही डाउनीच्या निधनाची तारीख आणि सप्ताहाची अखेर चेनीच्या शेवटच्या दिवसाशी जोडलेली. मुले त्या आठवड्यात चेनीच्या वाटेच्या आठवणीने चालतात आणि आपण ज्या भूमीवर राहतो ती मुळात कोणाची, हे शिकतात. आमच्यासारखी कुटुंबे दुसऱ्या देशातून इथे आली. या भूमीच्या इतिहासाशी आपला काय संबंध, असे आम्हा पहिल्या पिढीला वाटत असे. मुलीने जेवताना चेनीची गोष्ट मराठीत आजीला सांगितली, तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या मुलाच्या आईला कोणी कळवले, आणि केव्हा. मला उत्तर माहीत नव्हते, म्हणून मी शोधले आणि वाचले. चौकस म्हणतात तसा देशाचा बहिरेपणा खरा आहे, परंतु आमच्या घरात तो या गायकामुळेच कमी झाला.

गोदाकाठ

सर्वांचे आभार, या चर्चेमुळे आता सलगपणे ऐकायचे ठरवले आहे. सुरुवात कुठून करावी, आणि डाउनीच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांपैकी कोणती टाळू नये, हे कोणी सांगेल का?

रेडिओवेडी

माझ्या मते ‘रोड ॲपल्स’ (1991) पासून सुरुवात करावी. ती न्यू ऑर्लीन्समध्ये ध्वनिमुद्रित झाली, आणि बँडचा कच्चा, दणकट आवाज तिच्यात सर्वांत मोकळेपणाने ऐकू येतो. शब्दांचा अर्थ पहिल्याच वेळी लावण्याचा प्रयत्न करू नये. त्यानंतर ‘फुली कम्प्लीटली’, आणि मग सरळ ‘फँटम पॉवर’. ‘डे फॉर नाइट’ मात्र रात्री, शांतपणे, एकट्याने ऐकावी.

मुक्तछंद

रेडिओवेडी यांचा क्रम मलाही योग्य वाटतो. स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांमध्ये ‘सीक्रेट पाथ’ सलग ऐकावी. तुकड्यांमध्ये ऐकल्यास ती चालण्याची लय मोडते. तिला 2017 मध्ये जूनो हे कॅनडातले संगीत पुरस्कार मिळाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये डाउनीला ऑर्डर ऑफ कॅनडा या सन्मानाने गौरवण्यात आले.

‘इंट्रोड्यूस यरसेल्फ’ शेवटी ठेवा. संगीतकार केव्हिन ड्रू यांच्यासोबत केलेली ही तेवीस गाण्यांची ध्वनिमुद्रिका किंग्स्टनजवळच्या बाथ गावातल्या बँडच्याच स्टुडिओत, जानेवारी 2016 आणि फेब्रुवारी 2017 मधल्या दोन छोट्या सत्रांत, बहुतेक पहिल्याच प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाली. प्रत्येक गाणे त्याच्या आयुष्यातल्या एकेका माणसासाठी आहे: मुले, भावंडे, वडील, मित्र, बँडमधले सोबती. नावे दिलेली नाहीत. 17 ऑक्टोबर 2017 रोजी तो गेला आणि दहा दिवसांनी ही गाणी बाहेर आली. वाद्ये अगदी मोजकी आहेत, कुठे पियानो, कुठे नुसता ताल, आणि आवाज काही ठिकाणी थकलेला आहे. तो थकवा ध्वनिमिश्रणात लपवलेला नाही. एका गाण्यात बाळाला झोपवून, त्याची झोप मोडू न देता खोलीतून बाहेर पडणाऱ्या बापाचे वर्णन आहे. तीस वर्षे इतरांची नावे शोधून काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराविषयी गायले ते इतके उशिरा, आणि इतक्या हळू आवाजात. ते ऐकून झाल्यावर, गोदाकाठ, आपले मत इथे अवश्य लिहा; धागा उघडाच राहील.